टिपरची नजर

पाळी, वेळगे, कुडणे, नावेली या पट्ट्यातल्या माणसाला जुनी गाडी कशी पारखावी हे सांगायला जाणे म्हणजे आगाऊपणाच. खाणी जोरात होत्या तेव्हा इथल्या कितीतरी अंगणांत टिपर उभा असे, आणि दर वेळी तो नवाच असे असेही नाही. जुना टिपर घ्यायला निघालेला माणूस आधी चॅसीखाली वाकून वेल्डिंगचा डाग कुठे दिसतो का ते बघे. मग पाटे, मग डिफरेन्शियलचा आवाज, मग ऑइल. इंजिन थंड असतानाच स्वतःच्या हाताने चालू करी, कारण तासभर आधी गरम करून ठेवलेले इंजिन मालकाचीच बाजू घेते. फायनान्सचा बोजा उतरला का, टॅक्स कुठवर भरलाय, गाडी कोणत्या खाणीवर आणि कोणत्या ड्रायव्हरच्या हाताखाली चालली, हे सगळे विचारून झाल्यावर किमतीचा विषय निघे. तोही चहा संपल्यावर.

हाच माणूस स्पोर्ट्स कार बघायला म्हापशाला किंवा फोंड्याला जातो तेव्हा त्याचे काय होते कोण जाणे. सायलेन्सरचा आवाज ऐकतो, लाल रंगावरून हात फिरवतो, आणि बोनेट उघडायच्या आत टोकन देऊन मोकळा होतो. टिपर पोट भरणार होता म्हणून त्याची एवढी चौकशी. ही हौस, म्हणून हिला सगळे माफ. माझे मत नेमके उलटे आहे. टिपर बिघडला तर त्याचा भाग फोंड्याला नाहीतर बेळगावला मिळे आणि गावातलाच मेकॅनिक तो बसवून देई. हौसेची गाडी बिघडली की भाग येईपर्यंत ती ताडपत्रीखाली बसते आणि हप्ता मात्र दर महिन्याला चालू राहतो. जिथे चूक महाग पडते तिथेच चौकशी सगळ्यात कमी, हे बरोबर नाही. पुढची पाने एवढ्यासाठीच आहेत. त्यांत नवी विद्या फारशी नाही. टिपर बघताना जी नजर वापरता, तीच जरा बुटक्या गाडीकडे वळवायची आहे.

उभ्या गाडीचे काय होते हेही या भागाला शिकवायला नको. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातले खाणकाम थांबले. मधे काही काळ ते सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा बंद पडले. त्या वर्षांत टिपर जागच्या जागी उभे राहिले. दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या ट्रकच्या टायरांना भेगा पडतात, ब्रेक जाम होतात, टाकीत पाणी साचते आणि वायरिंगवर उंदरांचे दात उमटतात, हे ज्याने पाहिले आहे त्याने आता एखादी जाहिरात वाचावी: ‘२०१५ मॉडेल, सिंगल ओनर, फक्त १८,००० किलोमीटर.’ पुण्या-मुंबईच्या माणसाला यात मोती सापडल्यासारखे वाटते. तुम्हाला शंका यायला हवी. स्पोर्ट्स कार बहुतेक वेळा घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी असते. ती रविवारी निघते आणि पावसाळ्यात निघतच नाही. रबराचे बुश, होज पाइप, इंधनाच्या नळ्या, बॅटरी, टायर यांचे वय किलोमीटरवर ठरत नाही, कॅलेंडरवर ठरते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. १८,००० किलोमीटर चाललेल्या गाडीला दुसऱ्यांदा घातलेले टायर असतील आणि ते वयामुळे बदललेले नसतील, तर एकतर मीटर मागे फिरवलेला आहे किंवा ती गाडी फार रागाने चालवली गेली आहे. दोन्ही उत्तरे वाईटच. नियमित सर्व्हिस झालेली साठ हजारांची गाडी मला अशा अठरा हजारांच्या गाडीपेक्षा कधीही बरी वाटते.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलायचे तेही ठरवून घेऊ. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी तरुणाचे बजेट बेताचे असेल तर त्याच्यासाठी उत्तर जवळजवळ तयार आहे: जुनी माझ्दा एमएक्स-५. १९८९ साली आलेली, दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी ही हलकी गाडी २०१६ पर्यंत दहा लाख बनली. इतक्या बनल्या म्हणून भाग मिळतात आणि म्हणूनच ती परवडते. आपल्याकडे माझ्दाने ती कधी विकली नाही. बाहेरून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि वर शुल्क इतके की एका गाडीत दोन गाड्यांचे पैसे जातात. तो रस्ता बंद आहे असेच समजा.

गोव्याला हे दार नेहमीच बंद नव्हते. १९६१ पूर्वी, लोहखनिजाची निर्यात वाढत होती त्या काळात, पोर्तुगीज राजवटीत परदेशी गाड्या इथे सहज उतरत. मुंबईत नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे तेव्हा इथे मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होत्या. मुक्तीनंतर त्या गाड्यांना देशभरातून गिऱ्हाईक आले. पुढे गोव्याने स्वतःची एक स्पोर्ट्स कारसुद्धा बनवली, हे मात्र इथल्याच पोरांना ठाऊक नसते. सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म ही दोन सीटची, उघड्या छताची, फायबर ग्लासच्या बॉडीची गाडी १९९८ साली आली आणि ती गोव्यात तयार होत असे. इंजिन रेनोचे, ११४९ सीसी, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. आजच्या साध्या हॅचबॅकला याहून जास्त ताकद असते, तरी रस्त्यावर ती दिसली की माना वळत. थोड्याच बनल्या. आज एखादी विकायला निघाली तर संग्रह म्हणून अवश्य घ्या, पण बेताच्या पैशात रोज नाहीतर दर आठवड्याला चालवायची गाडी म्हणून नको. दरवाजाची काच फुटली तर ती कुठून आणणार, हा एकच प्रश्न पुरेसा आहे.

मग उरले काय? उरल्या त्या गाड्या ज्या कागदावर कुटुंबाच्या आहेत आणि स्वभावाने नाहीत. यांतल्या बऱ्याच महाराष्ट्रातच जन्मल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून २००१ साली फियाट पालियो आली, तिची १.६ जीटीएक्स म्हणजे १०० अश्वशक्तीची जड, पेट्रोल पिणारी आणि वळणावर रस्त्याला चिकटून राहणारी गाडी. रांजणगावहून २०१५ मध्ये अबार्थ पुंटो निघाली: १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, दिल्लीत शोरूमची किंमत ९ लाख ९५ हजार. इतक्या पैशात इतकी ताकद त्या वेळी दुसरे कोणी देत नव्हते, आणि म्हणूनच आज तिच्या मागे लोक वेडे आहेत. चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३ पासून. १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २००४ मध्ये १५० अश्वशक्ती घेऊन आली आणि एका पिढीला टर्बो म्हणजे काय ते दाखवून गेली. फोर्डची फिएस्टा १.६ एस, होंडाची जुनी सिटी व्हीटेक, मारुतीची बलेनो आरएस, टाटा आणि कोइम्बतूरच्या जयेम यांनी मिळून केलेली टियागो जेटीपी, ह्युंदाईची आय-२० एन लाइन. आणि ज्याचे नाव घेतल्यावर लोक हसतात ते नाव मी मुद्दाम शेवटी घेतो: पहिली स्विफ्ट, २००५ ची, १.३ पेट्रोल.

हसणाऱ्यांनी ती सांखळी ते होंडा रस्त्यावर पहाटे एकदा चालवून बघावी. सुमारे एक टन वजन, ८७ अश्वशक्ती, हातात बोलणारे स्टिअरिंग. तिचा कोणताही भाग डिचोलीत मागितला तर दुकानदार डोके खाजवत नाही.

खरी मेख इथे आहे. जुनी स्पोर्ट्स कार स्वस्त असते ती कोणी उदार झाला म्हणून नव्हे. आधीच्या मालकाने जो खर्च पुढे ढकलला, तो किमतीतून वजा झालेला असतो आणि गाडीबरोबर तुमच्या घरी येतो. सात गिअरच्या ड्राय क्लचच्या डीएसजीचे उदाहरण घ्या. चालवायला काय सुंदर! पण क्लच पॅक आणि मेकाट्रॉनिक युनिट हे त्याचे नाजूक भाग. मेकाट्रॉनिक गेले तर बिल लाखाच्या पुढे सहज जाते, आणि सावकाश चालणाऱ्या गर्दीत, उन्हात, चढावर तो सगळ्यात जास्त दमतो. म्हापशाच्या बाजारातून शुक्रवारी गाडी काढणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. मी स्वतः पोलो घेणार असेन तर ऑटोमॅटिकच्या आधी मॅन्युअल शोधीन. २०२० नंतरच्या एक लिटरच्या जीटीत कंपनीने ड्राय क्लचऐवजी साधा टॉर्क कन्व्हर्टर दिला. पैसे पोहोचत असतील तर ती घ्यावी.

समजा हातात सहा लाख आहेत. तर सहा लाखांची गाडी बघायला जाऊ नका, साडेचारची बघा. उरलेले दीड लाख पहिल्याच वर्षात संपणार आहेत: चार चांगले टायर, टायमिंग बेल्ट आणि त्याच्याबरोबर वॉटर पंप, सगळी ऑइले, ब्रेक पॅड-डिस्क, सस्पेन्शनचे बुश, विमा, पासिंगचा खर्च. एवढे केल्यावर जी गाडी हाताला लागते तीच तुम्ही खरोखर विकत घेतलेली गाडी. ज्याला हे दीड लाख बाजूला ठेवणे जमत नाही त्याने एक पायरी खाली यावे. अबार्थऐवजी लिनिया टी-जेट बघावी. इंजिन त्याच घराण्याचे, ताकद कमी, नाव साधे, म्हणून मागणी आणि किंमतही खाली. दहा-बारा वर्षांची ऑडी टीटी किंवा बीएमडब्ल्यू झेड-४ नव्या हॅचबॅकच्या किमतीत दिसते तेव्हा तर दोन्ही हात खिशात ठेवावेत. घेताना तिची किंमत उतरलेली असते, तिच्या भागांची उतरलेली नसते.

कंपनीच देश सोडून गेली असेल तर? फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले; फियाटच्या गाड्या त्याआधीच बंद झाल्या; पोलोही २०२२ मध्ये थांबली. यावर लोक एकदम टोकाला जातात. ‘नकोच ती’ म्हणणारे एक, आणि ‘आता क्लासिक होणार, भाव वाढणार’ म्हणणारे दुसरे. मी दोघांचे ऐकत नाही. झिजणारे भाग, म्हणजे पॅड, फिल्टर, बेल्ट, बुश, मिळत राहतात, कारण ते बनवणारे वेगळेच असतात. अडचण होते ती बंपर, हेडलाइट, काच, आतले प्लॅस्टिक यांची. तेव्हा बंद पडलेल्या कंपनीची गाडी घेताना इंजिनाइतकेच लक्ष बॉडीकडे द्या; फुटलेला हेडलाइट ‘नंतर बदलू’ म्हणून किमतीत तोडून घेऊ नका.

आता आपला मुलूख. या भागातला पाऊस नुसता वरून पडत नाही, चाकांनी उडवलेल्या तांबड्या चिखलाच्या रूपाने तो खालूनही येतो. पाळी-सांखळी रस्त्यावर ट्रकच्या मागे चाललेल्या गाडीचा एअर फिल्टर काढून बघा. टर्बो गाडीला इंटरकूलर असतो, त्याच्या बारीक पात्यांत ही धूळ जाऊन बसते आणि गाडी हळूहळू दमेकरी होते. किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीला खारी हवा खाते, म्हणून कळंगुट-हणजुणेची गाडी रॅम्पवर घेतल्याशिवाय बघूच नये. सबफ्रेम, सायलेन्सरचे जोड, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, दरवाजाची खालची कड. अबार्थचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर आहे. पंचायतीच्या कृपेने जे स्पीडब्रेकर आपल्या वाट्याला आले आहेत त्यांची उंची कोणत्याही शास्त्रात बसत नाही, तेव्हा विकत घेण्याआधी गाडी स्वतःच्या घरापर्यंत आणून बघावी. अंगणाच्या चढावर पोट घासले तर सौदा तिथेच संपला.

पुराची गाडी हे वेगळे प्रकरण. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले आणि त्याच दिवसांत डिचोली-सत्तरीतही पाणी घरांत शिरले. पाण्यात गेलेल्या गाड्या कुठेतरी जातातच; धुऊन, पॉलिश करून, दुसऱ्या जिल्ह्यात. ओळखायची सोपी युक्ती: सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरची पट्टी सगळे धुतात, गुंडाळीच्या तळाशी असलेली चिखलाची रेघ राहून जाते. डिकीतले स्टेपनी टायर उचलून त्याची खोबण बघा. गाडीत अत्तराचा भपकारा असेल तर काचा बंद करून दहा मिनिटे आत बसा. खरा वास तेवढ्यात वर येतो.

गोव्यातला आणखी एक खास धोका म्हणजे भाड्याने फिरलेली गाडी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली रेंट-अ-कॅब पुढे खासगी पासिंग करून विकली जाते. तिने किती अनोळखी हातांनी क्लच जाळून घेतला असेल ते मोजता येणार नाही. आरसीवरचा इतिहास वाचा, तिथे ते लिहिलेले असते.

कागदांचे विस्ताराने पुढे आहेच, म्हणून इथे थोडक्यात. पाळीची गाडी म्हणजे डिचोलीचे पासिंग, जीए-०४. एमएच-०७ किंवा केए-२२ ची गाडी शेजारची वाटते, पण कायद्याने ती परराज्यातली: तिथल्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने नोंदणी, इथला रोड टॅक्स, आणि तिथे भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. ही बेरीज किमतीत धरल्याशिवाय ‘पुण्यात पन्नास हजारांनी स्वस्त आहे’ असे म्हणू नये. दिल्लीची गाडी आणखी स्वस्त असते, कारण तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाने निर्बंध घातले. मालकाला ती विकायची घाई असते. तुम्हाला घेण्याची घाई नसावी. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, हे जुन्या व्हीटेकच्या प्रेमात पडलेल्यांनी लक्षात ठेवावे. विम्याची पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा आकडा बघा. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. मालक म्हणतो ‘कधी खरचटलीसुद्धा नाही’ आणि पॉलिसीवर शून्य, तर गाडी कुठेतरी आपटली असल्याची शंका घ्या आणि कारण विचारा. कर्ज फिटले तरी बोजा उतरवलेला नसतो; बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

बदल केलेल्या गाडीबद्दल माझे मत कडक आहे, रागावलात तरी चालेल. रिमॅप, मोठा टर्बो, उघडा सायलेन्सर, कापलेल्या स्प्रिंगा: यांतले काहीही दिसले की मी चालू लागतो. आवाज करणारा सायलेन्सर कायद्यात बसत नाही, काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली, आणि विम्याच्या वेळी प्रत्येक बदल तुमच्या विरोधात उभा राहतो. पण खरे कारण वेगळे आहे. पोराने स्वतःच्या पैशाने गाडी वाढवली असेल तर तिच्यावरचा त्याचा जीव कळतो, मात्र तो जीव त्याने ऑइल वेळेवर बदलण्यात घातला होता का, ते कळायला मार्ग नसतो. पावत्यांची फाइल ठेवणारा कंटाळवाणा मालक शोधा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत असे मालक आहेत. ते जाहिरातीत फोटो वाईट काढतात आणि वर्णनात बॅटरी कधी बदलली ते लिहितात.

पेट्रोलचाही विचार करावा. जुन्या गाड्या आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. त्यांच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासून, लागल्यास बदलून घ्याव्यात. टर्बो गाडीला ९५ ऑक्टेन लागत असेल तर ते तुमच्या रोजच्या वाटेवरच्या पंपावर मिळते का, हे गाडी घेण्याआधी विचारा.

राहिले चालवून बघणे. शोरूमच्या भोवती दोन फेऱ्या म्हणजे चालवणे नव्हे. मालक तयार असेल तर चोर्ला घाटापर्यंत जा. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ताकद एकसारखी येते का, उताराला ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते का, वळणावरून बाहेर पडताना चाकापाशी टकटक ऐकू येते का, आणि वर पोहोचल्यावर तापमानाचा काटा कुठे आहे. रेडिओ बंद. शेजारी बोलका मालक असेल तर त्यालाही नम्रपणे गप्प करा.

आणि हे सगळे जुलैत करा. डिसेंबरात गोव्यात सगळ्याच गाड्या देखण्या दिसतात, गिऱ्हाइके पुष्कळ असतात, भाव चढे. भर पावसात छप्पर कुठे गळते, काच धुक्याने भरल्यावर एसी ती किती वेळात साफ करतो, पायाखालचा गालिचा ओला होतो का, ओल्या रस्त्यावर टायर किती धरतात, वायपर-हेडलाइट-काचा एकदम चालू केल्यावर अल्टरनेटर टिकतो का, हे एकाच फेरीत कळते. शिवाय त्या दिवसांत उघड्या छताची किंवा बुटकी गाडी घ्यायला तुमच्याशिवाय कोणी येत नाही. विकणारा म्हणाला, ‘पाऊस उघडू दे, मग चालवून बघा,’ तर त्याला विचारा, पाणी नेमके कुठून आत येते.